उतारावरचं पाणी

थंडीचं कौतुक सांगावं तर नाशिककरानं. निफाडचा पारा जरा घसरला, की इथला माणूस मुंबईच्या पाहुण्याला मुद्दाम फोन करतो, आणि पारा जणू आपणच खाली ओढला अशा थाटात बोलतो. पण त्या रविवारी सकाळी खंडोबाटेकवरच्या लोकांनी दारं उघडली, तेव्हा एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

सगळं पांढरं होतं. पत्रे, ओटे, तुळशी, दुचाक्यांच्या सीटा, देवळाचा कळस. वैजयंती तांबट उंबरठ्यावर उभी राहिली आणि तिला आधी वाटलं, वरच्या अंगाला कुणाची तरी गादी फाटली. मग तिनं वाकून ओट्यावरच्या पांढऱ्याला बोट लावलं. बोट झोंबलं. दचकून तिनं वर पाहिलं, तर समोरच्या रांगेत, उतारावर जरा खालच्या दारात, मथुराकाकूही तशाच बोट लावून उभ्या होत्या.

"जयू, हे काय गं?"

"बर्फ आहे, काकू."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे."

काकूंनी बोट पदराला पुसलं. उभ्या जन्मात त्यांनी बर्फ पाहिला होता तो लस्सीच्या पेल्यात आणि मयताखाली. आभाळातून पडलेला बर्फ चांगला समजायचा की वाईट, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आपल्या परीनं मधला मार्ग काढला. एक हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि दुसऱ्या हातानं नातवाला आत ओढलं.

टेक म्हणजे टेकडी. जुनं नाशिक अशाच टेकांवर वसलं, आणि तिथल्या गल्ल्या वळसे घेत गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरतात. तांबटांच्या आळीचा उतार त्यात सर्वांत खडा. वैजयंतीचा सगळा धंदाच मुळी ह्या उतारावर उभा होता. 'जयंती मोटार ट्रेनिंग'ची ती मालकीण आणि शिक्षिकाही. आळीच्या मध्यावर गाडी थांबवून मागे न घरंगळता पुन्हा चढवून दाखवली, की जयंती मॅडम शिकाऊ माणसाला पास करत. आज कंपन्यांच्या गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या होत्या, तरी जुन्या नाशकात अजून माणसालाच चालवावं लागे, कारण त्या शहाण्या गाड्यांना ह्या गल्ल्यांची अक्कल येत नव्हती. पहिल्या दिवशीचा मॅडमचा धडा अर्ध्या शहराला पाठ होता: घाबरलात तर ब्रेक, गोंधळलात तर ब्रेक, काहीच कळेना तर ब्रेक. दाबायचा, आणि दाबूनच धरायचा.

आतून खोकल्याचा आवाज आला तशी ती भानावर आली. वीज गेलेली होती.

अच्युतराव, तिचे यजमान, खाटेवर उशांना टेकून बसले होते. सारा जन्म त्यांनी तांब्याची भांडी घडवली, आणि भट्टीच्या धुरानं व आम्लाच्या वाफांनी त्यांची फुप्फुसं पार खाऊन टाकली. गेली दोन वर्षं ते प्राणवायूच्या यंत्रावर होते. आता यंत्र गप्प होतं, इन्व्हर्टरनं पहाटेच मान टाकली होती आणि नळी कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरला जोडलेली होती. घड्याळ बघावं तसे अच्युतराव त्या सिलिंडरचा काटा बघत होते.

"वैजू, बाहेर काय गडबड आहे?"

"बर्फ पडलाय."

ते हसायला गेले आणि खोकले. "थट्टा करतेस होय माझी?"

तिनं मूठभर बर्फ आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. तो पाणी होऊन बोटांतून ओघळला. काटा लाल पट्टीच्या जवळ आला होता. दुपारपर्यंत दुसरा सिलिंडर वर आला नाही तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायची दोघांचीही छाती नव्हती.

रुग्णवाहिकेच्या नंबरावर एक मुलगी रडवेल्या आवाजात "थांबा, सगळ्या गाड्या अडकल्यात" एवढंच म्हणत होती. वैजयंतीनं धाकट्या भावाला फोन लावला.

"निरू, भाऊजींचा सिलिंडर संपत आलाय रे."

"ताई, मी आणतो. केंद्राची जीप आहे माझ्याकडे. तू मात्र गाडी बाहेर काढू नकोस. अजिबात नको."

त्याचा आवाज बर्फ बघून चकित झालेल्या माणसाचा नव्हता. पण तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं नाही.

निरंजन शहराबाहेरच्या मेघबीज केंद्रात शास्त्रज्ञ होता. तिथं काय चालतं, ते त्यानं तिला एकदा भाकरीचं पीठ चिमटीत घेऊन समजावलं होतं. ढगातला पाण्याचा थेंब शून्याखाली गेला म्हणून लगेच गोठत नाही. त्याला गोठायला आत कसला तरी कण लागतो, विरजणाला दह्याची कवडी लागते तसा. कण नसेल तर तो थेंब कितीतरी उणे अंशांपर्यंत पाणीच राहतो, आणि ढग न बरसता निघून जातो. आता झाडांच्या पानांवर एक जिवाणू राहतो. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, आणि त्या प्रथिनाला चिकटलेलं पाणी शून्याच्या जरा खाली येताच गोठतं. केंद्रानं ते प्रथिन वेगळं काढलं, उन्हात टिकावं म्हणून त्याला कवच दिलं, त्याची भुकटी केली आणि पावसाळ्यात विमानांतून ढगांवर फवारली. थेंब गोठून जड झाले, खाली येताना वितळले आणि पाऊस झाला. सलग काही वर्षं धरणं काठोकाठ भरली. निरूचा सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेत वैजयंती नवी पैठणी नेसून बसली होती. ती भुकटी पुढे कुठे जाते, हे तिनं विचारलं नव्हतं. सत्कारात असलं कोण विचारतं?

फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला.

"मॅडम, मी प्रणाली बोरस्ते. मागच्या महिन्यात लायसन मिळालं बघा मला. मॅडम, मी पुलावर आहे. गाडी ऐकतच नाही! आडवी चाललीये!"

"घाबरू नकोस. ब्रेक दाब. दाबून धर."

"दाबलाय मॅडम! ती थांबत नाही, जास्तच..."

धाडकन आवाज झाला. मग काच फुटल्याचा. मग नुसता कर्कश हॉर्न, न थांबणारा.

"मॅडम?" बऱ्याच वेळानं प्रणालीचा आवाज आला. "मी बरी आहे. गाडी दुभाजकावर चढली. मॅडम, ब्रेक दाबला तर ती जास्तच घसरली हो."

त्यानंतर तिच्या शिकाऊ मंडळींच्या ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येऊन पडायला लागले. चौकात गाड्या गोलगोल फिरत होत्या, कॅरमच्या सोंगट्यांसारख्या एकमेकींना टोले देत होत्या. कुणी काचेवरचा बर्फ काढायला उकळतं पाणी ओतलं होतं आणि काच तडकली होती. प्रत्येक गाडीच्या मागचे लाल दिवे पेटलेले होते, म्हणजे प्रत्येकाचा पाय ब्रेकवर होता. तिच्या शिकवणुकीला जागून ती सगळी माणसं एकमेकांवर आदळत होती.

इकडे आळीत मात्र मथुराकाकूंनी पदर खोचला होता.

अच्युतरावांचा सिलिंडर येणार आणि उतारावर बर्फ आहे, एवढी बातमी काकूंना पुरे होती. तांबटांची आळी ती. वीज गेली म्हणून इथं अंघोळी अडत नाहीत. घराघरात तांब्याचा बंब होता आणि सकाळीच पेटला होता. काकूंनी दारोदार हाक मारली: "अगं, चार बादल्या टाकल्या की वितळेल सगळं! सडाच घालायचाय, रोज घालतो त्याहून जरा मोठा!"

बायका निघाल्या. कढत पाण्याच्या बादल्यांवर बादल्या उतारावर ओतल्या गेल्या. वाफेचे लोट उठले, बर्फ फसफसून वितळला, खराट्यांनी लगदा गटारात लोटला. बघता बघता देवळापासून खालच्या वळणापर्यंत काळाभोर, धुतलेला रस्ता दिसायला लागला. सगळ्या शहरात एवढा स्वच्छ रस्ता दुसरा नसेल. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आळीत भांडणं काय कमी होती? पण आज तिच्या माणसाच्या श्वासासाठी ह्या बायका भिजल्या हातांनी बर्फ लोटत होत्या. तिनंही आपल्या बंबातलं पाणी आणलं आणि शेवटची बादली स्वतः ओतली. मग अभिमानानं निरूला फोन केला.

"निरू, रस्ता मोकळा आहे बघ. बायकांनी उतार गरम पाण्यानं धुऊन काढलाय."

पलीकडे जीपचा आवाज येत होता.

"ऐकतोयस ना?"

"पाणी..." तो म्हणाला. "पाणी नको होतं टाकायला, ताई."

"का रे?"

"काही नाही. मी आलोच."

जीप खालच्या वळणावर दिसली तशी आळी ओट्यांवर गोळा झाली. मथुराकाकू सर्वांत पुढे, आपल्या ओट्याच्या पायरीवर, रिकामी बादली हातात घेऊन उभ्या. एखाद्या यजमानणीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

जीप हळूहळू चढली. अर्धा उतार तिनं पार केला. वैजयंतीनं वरून चाकांकडे पाहिलं. चाकं फिरत होती, पण जीप जागची हलत नव्हती. काळा दिसणारा रस्ता काळा नव्हताच. त्याच्यावर तावदानासारखा पारदर्शक थर होता, आणि त्यात देवळाचा कळस उलटा दिसत होता.

"निरू, ब्रेक नको! ब्रेक सोड!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

पण निरूलाही गाडी तिनंच शिकवली होती. घाबरला तर ब्रेक. मागचे लाल दिवे पेटले, चाकं जागीच जखडली, आणि जीप आवाज न करता मागे जाऊ लागली. खरोखर आवाजच नव्हता. एवढं मोठं धूड पाटावरून सरकवावं तसं गुपचूप सरकत गेलं, आडवं झालं, आणि मथुराकाकूंच्या ओट्यावर मागच्या अंगानं आदळलं. काकूंना बाजूला व्हायचंही सुचलं नाही. त्यांना काही कळायच्या आतच पायरी आणि जीप यांच्यामध्ये त्यांचा पाय सापडला.

आधी बादली वाजत वाजत उतारावरून गेली. मग काकूंची किंकाळी आली.

वैजयंती धावली आणि पहिल्याच पावलाला सपशेल पडली. कोपरांवर घसरत ती खाली पोचली. बायका रडत होत्या, पुरुष ओट्यांना धरून उभे होते. काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं. "राख! बंबातली राख आणा!" ती ओरडली. कुठून सुचलं, तिलाच ठाऊक नाही. हात भाजत लोकांनी राख आणली, भट्टीचा कोळसा आणला, घरातल्या रांगोळीचे डबे उपडे केले, आणि त्या करड्या-पांढऱ्या वाटेवर कुठे पाय टिकायला लागला. चौघांनी जीप रेटून काकूंना सोडवलं आणि ओट्यावर आडवं केलं. जीपमध्ये दोरीनं बांधलेला सिलिंडर शाबूत होता. दोन तरण्या पोरांनी तो खांद्यावर घेतला आणि राखेवरून पावलं टाकत वर नेला. हे आधीच करता आलं असतं. गाडी वर यायची गरजच नव्हती. पण आधी सुचलं असतं तर माणूस कशाला म्हणायचं!

अच्युतरावांच्या नळीत नवा प्राणवायू सुरू झाला. निळसर पडलेली त्यांची नखं हळूहळू निवळली. मग दाराशी उभ्या असलेल्या, कपाळातून रक्त वाहणाऱ्या निरूकडे वैजयंती वळली.

"पाणी नको होतं टाकायला, म्हणालास. का?"

निरू भिंतीला टेकून खाली बसला.

"ती भुकटी उन्हात मरत नाही, ताई. आम्हीच तशी केली. इतकी वर्षं फवारली, ती मातीत, पत्र्यांवर, रस्त्यांच्या धुळीत, सगळीकडे आहे. धुळीबरोबर पुन्हा वर जाते. उत्तर ध्रुवाभोवतीचं वाऱ्याचं कडं ह्या महिन्यात तुटलं, गार हवा थेट इथवर उतरली, समुद्रावरून ओल आली. एरवी नुसता गारठा पडून ढग निघून गेले असते. आता प्रत्येक थेंबाला कण मिळाला. आणि रस्त्यावर टाकलेलं पाणी... ते निवायचा अवकाश, की गोठतं. पातळ, सपाट, काचेसारखं. दिसतसुद्धा नाही."

"हे तुला केव्हा कळलं?"

त्यानं मान खाली घातली. "मंगळवारी."

वैजयंतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठल्या मंगळवारी?"

"ह्याच. आकडेमोड हाती आली होती. मी साहेबांना म्हटलं, लोकांना सांगू या, निदान पाणी टाकू नका एवढं तरी. ते म्हणाले, आधी पडू तर दे. उगाच बोभाटा केला तर केंद्राला टाळं लागेल. कुणाला सांगितलंस तर तुझी खैर नाही, म्हणाले."

"मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आळीला सांगितलं असतंस."

"मंगळवारी सांगितलं असतंस," खाटेवरून अच्युतराव नळी बाजूला करून म्हणाले, "तर बुधवारीच सिलिंडर आणून ठेवला असता."

निरू ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. ह्या पोराचं नाक आपण पुसलं, ह्याला शाळेत बोट धरून नेलं, ह्याच्या सत्काराला पैठणी नेसलो, असं काय काय वैजयंतीच्या मनात येऊन गेलं. त्याची कीव यावी की त्याच्या थोबाडीत द्यावी, तिला ठरवता येईना. हा आपला निरू? ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. तो उठला आणि काही न बोलता राखेवरून खाली काकूंकडे गेला. तीही मागोमाग गेली.

काकूंचा पाय दोन फळ्यांमध्ये बांधला होता. चेहरा मेणासारखा झाला होता. निरू त्यांच्या उशाशी बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. आई गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला, तेव्हापासून त्यानं ह्याच ओट्यावर किती जेवणं केली होती, त्याची गणती नव्हती.

"निरू," काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "अच्युतला मिळालं का रे?"

"मिळालं, काकू."

"मग झालं." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मग गाडी का घसरली रे बाबा? आमचं पाणी कमी पडलं का?"

सगळी आळी निरूच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यानं वैजयंतीकडे पाहिलं. 'सांगू नकोस' एवढंच त्या नजरेत होतं. मग तो काकूंकडे वळला.

"हो, काकू," तो म्हणाला. "थोडं कमीच पडलं."

वैजयंतीला कुणीतरी श्रीमुखात द्यावी तसं झालं. तोवर काकूंची सून उठलीदेखील होती. "रुग्णवाहिका निघालीये म्हणतात सासूबाईंसाठी. चला गं, ह्या वेळी नीट टाकू. आमच्या बंबात आहे अजून." बायकांनी बादल्या उचलल्या. कढत पाण्याची पहिली बादली दारातून बाहेर आली. आणि हीच बादली ह्या घटकेला शहराच्या दारादारातून बाहेर येत असेल, हे वैजयंतीला लखकन दिसलं. कारण सडा कुठल्या घरी घालत नाहीत?

ती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. तिनं सुनेच्या हातातली बादली हिसकावली आणि ती गटारात रिकामी केली. मग फोन काढून शिकाऊ मंडळींच्या ग्रुपवर आवाज ध्वनिमुद्रित करायचं बटण दाबलं आणि सगळ्या आळीदेखत बोलायला लागली.

"जयंती मॅडम बोलतेय. रस्त्यावर पाणी टाकू नका. गरम नको, गार नको, सडासुद्धा नको. त्याची काच होते. राख टाका. रांगोळी, वाळू, असेल ते टाका. आणि ब्रेक दाबू नका. मी शिकवलं ते आज विसरा. हे मला कुणी सांगितलं म्हणाल, तर..." तिचा आवाज फाटला. निरू तिच्याकडे बघत मान हलवत होता, नको, नको. "तर माझ्या भावानं. निरंजन, मेघबीज केंद्रातला. त्यांच्याच भुकटीनं हे झालंय, आणि त्याला नि त्याच्या साहेबांना मंगळवारपासून ठाऊक होतं. हे सगळ्यांना पाठवा."

तिनं बोट उचललं. निरोप गेला.

"काकू," ती वाकून म्हणाली, "पाणी कमी नव्हतं पडलं."

काकू निरूकडे बघत राहिल्या. तो आत्ता नाही म्हणेल, असं त्यांना वाटत असावं. वाट बघावी तशा त्या बघत होत्या. निरूनं काहीच म्हटलं नाही. मग त्यांनी त्याच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.